मामकुळाच्या मागच्या बायका

मावशी,

कावळा लगेच शिवला. कुकडीच्या काठावर पिंड ठेवून माणसं मागं सरतात न सरतात, तोच एक कावळा खाली उतरला आणि भाताच्या गोळ्याला चोच लावून मोकळा झाला. गुरुजींनाही एवढ्या घाईची सवय नसावी. ते अजून आपली भांडी आवरत होते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्याशेजारी उभी असलेली बोळातली म्हातारी म्हणाली, "सुटली बाई. कसली म्हणून इच्छा न्हाई राह्यली." तुझ्या लेकानं, बापूनं ते ऐकलं आणि मान हलवली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झालेला मी पाहिला.

मला हे मान्य नाही. खानावळीच्या मागच्या पत्र्यावर रोज सकाळी पहिली भाकरी तू कुस्करून टाकायचीस. जुन्नरातले निम्मे कावळे तुझ्या हातचं खाऊन मोठे झाले. तू गेल्यापासून पत्रा कोरडा पडलाय, मग भात दिसल्यावर त्यांनी काय उपास धरायचा? कावळा भुकेला होता, एवढंच त्या दिवशी सिद्ध झालं. तुझी इच्छा राहिलीय. ती काय होती हे त्या काठावर दोघींना ठाऊक होतं. एक मी. दुसरी सगळ्यांच्या मागं, बाभळीखाली, डोक्यावरून पदर घेऊन उभी होती आणि तिला कुणी पुढं बोलावलं नाही. तुझ्या लेकाला सोयीचं म्हणून तुझी इच्छा संपली असं मी म्हणू देणार नाही. तू जिवंत असतीस तर तूही म्हणू दिलं नसतंस, वर त्या म्हातारीला दोन शब्द ऐकवले असतेस.

मला तू आळ्याहून, वडिलांच्या गावाहून आणलंस त्यातलं मला काही आठवत नाही, लोकांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. माझी आई तापानं गेली. वडिलांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तशी तू आलीस, मला काखेला मारलंस आणि एस.टी.त बसलीस. वडिलांना म्हणालीस म्हणे, नव्या बाईला तिचा संसार करू द्या, ही माझ्या बहिणीची आहे, ही मी नेते. माय मरो पण मावशी उरो असं लोक उगाच म्हणत नाहीत. पण मी एकदा तुला 'आई' म्हटलं तेव्हा तू भाकरी थापता थापता हात थांबवलास. "आई तुझी आळ्याला गेली," म्हणालीस. "मी मावशी हाये. तिची जागा तिला राहू दे." त्यानंतर मी पुन्हा कधी म्हटलं नाही. पुढं शिकले तेव्हा कळलं की आईच्या वाटेनं पेशींत जे येतं, ते दोघी सख्ख्या बहिणींत एकच असतं. तुझा नमुना तपासला काय आणि माझ्या आईचा तपासला काय, एकच उत्तर आलं असतं. हे तुला सांगितलं तेव्हा तू नुसती हसलीस आणि मला आणखी आमटी वाढलीस.

काका गेल्यावर तू बाजारातल्या बोळात खानावळ काढलीस, तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. जमीन असलेल्या घरातली बाई परक्या पुरुषांना जेवायला वाढते म्हणजे काय. तू कुणाला विचारलंच नव्हतंस. कचेरीतले कारकून, हायस्कुलात नवे आलेले मास्तर, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, सगळी तुझ्या पाटावर सारखीच बसायची आणि सारखीच बोलणी खायची. आमटीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्यापुढं तू बरणी ठेवायचीस. "घ्या पावणं, घरी बायको हात लावू देत नसंल, हितं हौस भागवा." मी कोपऱ्यात अभ्यास करत हे सगळं ऐकायचे. भांडण कसं करायचं हे मी पुस्तकात शिकले नाही.

मग पेठचं स्थळ आलं. ते नव्वदीतलं जुन्नर. मुलीच्या माहितीत नाव, उंची, शिक्षण, देवक आणि मामकूळ एवढं सांगितलं की पुरे व्हायचं. तुझा भाऊ बिनलेकराचा गेला होता, तरी त्याचं आडनाव मामकूळ म्हणून माझ्यापुढं होतंच. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं मामकूळ विचारलं, त्याला ते आवडलं, त्यानं बशीत चहा ओतला. तिथं थांबायला हवं होतं असं आजही सगळे म्हणतात. पण त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, की मुलीच्या आईची आई कुठली. आणि तू खरं सांगितलंस.

"माझी आई हितलीच. पण आईची आई डोंगरातली व्हती."

तुझ्या आजीची गोष्ट मला पाठ होती. पश्चिमेच्या डोंगरातून ती भाऊबंदांबरोबर गवतकापणीला देशावर आली आणि तुझ्या आजोबांनी तिच्याशी लग्न लावून तिला घरात आणलं. देशावरच्या माणसांत ही सोयरीक कुणी बोलून दाखवत नसे. लग्नात ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही. घरादाराला ती 'डोंगरी'च राहिली. तिचं आधीचं नाव तुझ्या आईलाही माहीत नव्हतं. तुझ्या आजोबांच्या मागं जाणाऱ्या पुरुषांची नावं तुझ्या भावाला तोंडपाठ होती, आणि पोटच्या लेकीला आपल्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. हे बोलताना तुझा आवाज चढायचा. मला लहानपणी वाटायचं, कधीच्या मेलेल्या बाईच्या नावासाठी मावशी एवढी का तापते.

पेठच्यांनी पोहे संपवले, छान बोलले आणि निघून गेले. मग निरोप आला की पत्रिका जुळत नाही. सगळं गणगोत तुझ्यावर तुटून पडलं, तोंड बंद ठेवता आलं नाही का म्हणून. बापू तेव्हा नुकता कामाला लागला होता, तोही बोलला. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस, जे तुझ्या स्वभावात नव्हतं, आणि शेवटी एवढंच म्हणालीस, "जिथं हिच्या पणजीला जागा न्हाई तिथं हिला तरी कशी मिळणार व्हती? बरं झालं बसायच्या आधी कळलं." मी त्या वेळी रडले होते. तो मुलगा मला आवडला होता, मावशी. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही. पण तू चुकलीस असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तू मला पुण्याला शिकायला पाठवलंस. तिथंच मला प्रयोगशाळेत नोकरी लागली, कूळ न विचारणारा नवरा मिळाला, मुलगा झाला. आणि काही वर्षांनी आमच्याकडं काम आलं ते नेमकं हेच. जुन्नर-आंबेगावच्या गावांतून, खालच्या आणि डोंगरातल्या, ज्यांची तयारी आहे त्यांचे नमुने घ्यायचे आणि आईकडून लेकीकडं जाणारी वाट किती मागं जाते ते पाहायचं. सगळ्यांत आधी तू तयार झालीस. गालाच्या आतून ब्रश फिरवताना म्हणालीस, दात घासून घेतले असते की.

दुपारची पंगत उठल्यावर तू खरकटं काढत होतीस, बापू हिशोब करत बसला होता, आणि मी तुला समजावत होते. म्हटलं, विरजणासारखं असतं बघ. तुझ्या घरातलं विरजण तुझ्या आईनं दिलेलं, तिला तिच्या आईनं दिलेलं. दही रोज नवं, पण विरजण मागून चालत आलेलं. आपल्या पेशींत तसा एक बारीकसा भाग आहे, तो फक्त आईकडून येतो. लेकाला मिळतो, लेकीलाही मिळतो, पण पुढं देते ती लेकच. तू ताटं तशीच ठेवून बापूकडं बघितलंस. "म्हंजी ह्यो नुसतं दही खाणार. लावणार न्हाई." बापूला ते झोंबलं. तो म्हणाला, कूळ बापाचं असतं, बाईचं कूळ काढायला सरकारनं पैसे दिलेत काय. तू म्हणालीस, बाईचं कूळ नसतं तर तू काय पपनसातून निघालास?

मग मी तुला लांबची गोष्ट सांगितली. जगातल्या सगळ्या माणसांच्या आया, त्यांच्या आया, असं मागं मागं गेलं तर या वाटा एकमेकींत मिसळत जातात आणि शेवटी फार फार पूर्वी आफ्रिकेत राहिलेल्या एका बाईपाशी पोचतात. तेव्हा ती एकटी नव्हती, आणखी पुष्कळ बाया होत्या. पण कधी ना कधी त्यांच्यातल्या कुणाला नुसते लेकच झाले, कुणाची लेक लहानपणीच गेली, आणि त्यांची वाट बुजली. हिची बुजली नाही, एवढाच फरक. तिच्या लेकींच्या लेकींतली काही माणसं आफ्रिकेबाहेर पडली. बहुधा समुद्राच्या कडेकडेनं, पिढ्यान् पिढ्या सरकत, ती आपल्या देशात आली. इथं एका फांदीला इतके फाटे फुटले की आजही आम्हाला नवे सापडतात. आमच्या भाषेत त्या फांदीचं नाव 'एम'. ती डोंगरात आहे, देशावर आहे, पाटलाच्या घरात आहे आणि पाटलाच्या घरी भांडी घासणारणीच्या घरातही आहे. कोण वर, कोण खाली हे ठरलं त्याच्या कितीतरी आधी ती इथं येऊन राहिली होती.

तू हे सगळं कान देऊन ऐकलंस. मला वाटलं होतं देवाधर्माचं काही विचारशील. तू विचारलंस, "एवढी चालत आली ती. वाटंत कुणी मामकूळ इचारलं न्हाई व्हय तिला?"

प्रयोगशाळेत मी हे सांगते तेव्हा माणसं हसतात. मी हसत नाही. मामकुळाबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही, कारण मामकूळसुद्धा आईचं नसतंच. ते आईच्या बापाचं. आईकडं बोट दाखवल्यासारखं करायचं आणि लगेच बाजूच्या पुरुषाकडं वळवायचं. तिच्या मागच्या बायका तशाच अंधारात उभ्या.

उत्तर आलं तेव्हा आमच्या सरांना विचारून मी तुला तुझ्यापुरतं सांगितलं. तुझी वाट 'एम'च्या अशा एका बारीक फाट्यावर होती, जो आमच्याकडं खालच्या गावांतल्या दुसऱ्या कुणात आला नव्हता. तो आला होता घोडेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या काही बायकांत. डोंगरी खोटी नव्हती. तू पदरानं तोंड पुसलंस, चुलीकडं वळलीस आणि बराच वेळ माझ्याकडं पाठ करून उभी राहिलीस. तुला रडताना मी तेवढंच पाहिलंय, म्हणजे पाहिलं नाहीच.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही. तुला त्या बायकांची नावं हवी होती. मी सांगितलं, मला ठाऊक नाहीत, आणि असती तरी सांगता आली नसती. त्यांनी आमच्यावर भरवसा ठेवून नमुने दिलेत. तू म्हणालीस, बहिणीला बहिणीचं नाव सांगायला कुणाची परवानगी लागते? मी म्हटलं, बहीण नव्हे. वाट जुळली म्हणजे मागं कुठंतरी आई एक. ती चार पिढ्यांमागं असेल, चाळीस पिढ्यांमागंही असेल, यातून ते कळत नाही. तू म्हणालीस, "किती का आज्या मागं असंना. आई एकच ना?"

त्यावर माझ्याकडं उत्तर होतं, ते मी सविस्तर दिलं. तू ऐकलं नाहीस. पुढच्याच आठवड्यात खानावळीला कुलूप लावून, लाडवांचा डबा घेऊन तू घोडेगावच्या गाडीत बसलीस.

तिथल्या बाजारात हिरडा घेऊन आलेल्या डोंगरातल्या बायकांना तू गाठलंस. तुम्ही कुठल्या, धरणाच्या वरल्या का, कुणाची आत्या-आजी कधीकाळी गवताला खाली जाऊन परत न आलेली हाय का. बायकांना वाटलं ही सरकारी बाई, धरणात गेलेल्या जमिनींची चौकशी करायला आलीय, आणि त्यांनी तुला आधी चांगलं झाडलं. तुला भांडण आवडतंच. संध्याकाळपर्यंत तू त्यांच्यातल्या एकीच्या गावात, ठकूबाईच्या घरात, चुलीपुढं बसली होतीस. मूळ गाव पाण्यात गेलेलं, नवं वर टेकाडावर वसवलेलं. ठकूबाईच्या आजीची एक बहीण गवताला गेली ती आलीच नाही असं घरात बोललं जायचं. अशा बहिणी डोंगरातल्या कितीतरी घरांतून गेल्या असतील. पण तुझी खात्री त्यानं पटली नव्हतीच. तुझी खात्री पटली ती ठकूबाईनं नाचणीची भाकरी थापायला घेतली तेव्हा. ती डावरी होती. तू डावरी, तुझी आई डावरी. संपलं.

परत येऊन तू मला फोन केलास. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मावशी, डावरेपणा त्या वाटेनं येत नाही. जगात डावरी माणसं काय थोडी आहेत? तिनं तर नमुनाही दिलेला नाही. तू म्हणालीस, तुझी नळी तुझ्यापाशी ठेव, मला बहीण घावली. मी म्हटलं, सिद्ध झालेलं नाही. तू फोन आपटलास.

ती तुझी चूक होती, मावशी. शास्त्र म्हणून बघितलं तर धडधडीत चूक होती आणि मी ते आजही मागं घेत नाही. पण त्यानंतर ठकूबाई नवा तांदूळ झाला की पिशवी घेऊन जुन्नरला यायची आणि तू तिला परत पाठवताना ओटी भरायचीस. तुम्ही दोघी खानावळीच्या मागच्या दारात बसून डाव्या हातानं मेथी निवडायचात. तुझ्या आजीचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. मग तुम्ही दोघी मिळून तिला नावं ठेवून बघायचात, चिमी असंल, बुधी असंल, आणि हसायचात. तुझं माहेर भावाबरोबर बंद झालं होतं, ते तू असं उघडलंस. बापूला ते कधी रुचलं नाही. ती आली की तो तिला मागच्या दारानंच घे म्हणायचा. तू एकदा त्याला म्हणालीस, तिला मावशी म्हण. तो बाहेर निघून गेला. तुझी इच्छा ती हीच होती. डोंगरीला घरात उघडपणे, पुढच्या दारातून जागा मिळावी. एवढंच. आणि लोक मला सांगतात की कसलीच राहिली नव्हती.

तू सकाळी गेलीस. मी पुण्याहून निघण्याआधी ठकूबाईच्या गावच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. दुपारी बोळ माणसांनी भरला होता. तुला न्हाऊ घातलं होतं, आणि एका थोरल्या बाईनं रीतीप्रमाणे विचारलं, माहेरचं लुगडं आलं का. बाई कितीही म्हातारी होऊन जाऊ दे, शेवटी तिच्या अंगावर माहेरचं पडावं लागतं. कुणी म्हणालं, माहेर कुठं उरलंय, घरचंच घाला. बापूनं दुकानातून साडी मागवून ठेवलीच होती. तेवढ्यात ठकूबाई आली. गाडी चुकल्यावर वाटेत मिळेल त्या वाहनानं आली होती, पाय चिखलानं भरलेले. काखेत कोरं लुगडं, जांभळं, बारीक काठाचं. ती पुढच्या दारातून आत आली, कारण मागच्या दाराकडं जायला वाटच नव्हती.

बापू तिच्या आडवा आला. ओरडला नाही, ते खरं सांगितलं पाहिजे. हलक्या आवाजात मला म्हणाला, "पोरीचं लगीन जमतंय, तिकडची माणसं आल्यात दारात. आजच्या दिवस ऱ्हाऊ दे." मला क्षणभर त्याची कीव आली. पेठचे पाहुणे उठून गेले तेव्हाचं सगळं तोही विसरला नव्हता, फक्त त्यानं त्यातून वेगळा धडा घेतला होता. मी म्हटलं, लुगडं आणलंय ते घालू या. तेव्हा मात्र तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"तूच सांग मग. ही बाई आमच्या आईची कुणी लागती, असं तुझ्या मशीनमधी निघालंय का?"

त्याला उत्तर माहीत होतं. तुझं-माझं भांडण त्यानं वर्षानुवर्षं ऐकलेलं. मी खोटं सांगणार नाही याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगितलं तर ठकूबाई चिखलाच्या पायांनी परत गेली असती. सगळा बोळ माझ्या तोंडाकडं बघत होता. तू मध्ये पडलेली, आयुष्यात पहिल्यांदा गप्प. मावशी, त्या घडीला मला तुझा फार राग आला, असलं भांडण माझ्या गळ्यात टाकून तू निघून गेलीस म्हणून.

"मशीनमधी न्हाई निघालं," मी म्हणाले. "पर माहेरचं कोण हे मशीन न्हाई सांगत, माहेरची माणसं सांगतात. हिच्या माहेरचं आता माझ्याबिगर कुणी न्हाई. हिच्या आईचं जे हिला आलं तेच माझ्यात हाये, तिच्या आजीचंबी तेच हाये. मी सांगते, ठकूबाई आमची हाये. लुगडं घाला."

पुण्यात इतकी वर्षं काढून माझ्या तोंडून ही भाषा कुठून आली, मला ठाऊक नाही. मग बापूची बायको पुढं आली. तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, लुगड्याची घडी मोडली आणि ठकूबाईला म्हणाली, "धरा त्या बाजूनं." ठकूबाईनं ते टोक डाव्या हातात धरलं. बापू दारात जाऊन उभा राहिला. तू त्या जांभळ्या लुगड्यात गेलीस.

तेव्हापासून बापू माझ्याशी नीट बोललेला नाही. पिंडाच्या दिवशी, ते कावळ्याचं सगळं आटोपल्यावर, एवढंच म्हणाला की आता आई न्हाई, कधी कामानं आलीस तर ये. मला जे समजायचं ते समजलं. ज्या घरात मी वाढले तिथं जायला आता मला काम काढावं लागेल. मी त्याच्याशी भांडत बसणार नाही, तो तुझा लेक आहे आणि तुझं बरंच काही त्याच्यातही आहे, पुढं जाणार नसलं तरी. माझंही पुढं जाणार नाही. मला मुलगाच आहे. पूर्वी या विचारानं मला कसंसंच व्हायचं, आपल्या दोघींची वाट माझ्यापाशी बुजणार म्हणून. आता होत नाही. धरणाच्या वरल्या अंगाला त्या वाटेवरच्या पोरी आज शाळेत जातात, आणि वाट बुजली म्हणायला मी कोण.

आपलं भांडण मी मात्र सोडलेलं नाही. बहीण हा शब्द मला अजून मान्य नाही. तू इथं असतीस तर मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं आणि तू पुन्हा फोन आपटला असतास. तो आपटायचा आवाज मला हवाय, मावशी. बाकी काही नको.

पिंडाच्या त्या दिवशी संध्याकाळी मी ठकूबाईला जुन्नरच्या स्टँडवर घोडेगावच्या गाडीत बसवून दिलं. तिला पिंडाच्या जेवणाला कुणी बसा म्हटलं नव्हतं, म्हणून मी भजी बांधून घेतली होती. पुडी मांडीवर ठेवून ती खिडकीतून म्हणाली, "दिवाळीला ये पोरी. नवा तांदूळ असतो." मी म्हटलं बघू, सुट्टी मिळते का ते.

"सुट्टी कशाला इचारायची? माहेराला चालले म्हणून सांग," ती म्हणाली आणि गाडी सुटली.

काल मी आमच्या सरांना सांगून टाकलं, दिवाळीत मी नाही. ते म्हणाले, जुन्नरला का? नाही म्हटलं, वर डोंगरात, माहेराला.